अंदमानातील एक दिवस : बेटे, प्रवाळ व श्वासाची नळी

आमच्या प्रशालेच्या विज्ञानाच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, शंखांच्या शेजारी एक पांढरी शुभ्र फांदी ठेविलेली आहे. तिच्याखालील चिठ्ठीवर 'समुद्रातील झाड' असे लिहिलेले वाचून विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या या शाळेतून बाहेर पडल्या. आम्हीही गेली अठरा वर्षे ती फांदी वर्गात फिरवीत आलो, व हे झाड नव्हे, प्राण्यांनी बांधिलेले घर होय, असे तोंडाने सांगत आलो; परंतु चिठ्ठी बदलावी असे काही आम्हांस सुचले नाही. सन २०२४ च्या नाताळच्या सुटीत तसले घर त्यातील रहिवाशांसह पाहण्याचा योग आला. ती हकीकत मुलांच्या अभ्यासास उपयोगी पडावी, व असा प्रवास आपल्यासारख्यांच्या आटोक्यात कितपत आहे हे पालकांसही कळावे, म्हणून येथे देत आहो.

शिक्षकाच्या मिळकतीत अंदमान कसे बसले, असा प्रश्न पुष्कळांनी विचारिला. त्याचे उत्तर सोपे आहे. आमचे साडू पोर्ट ब्लेअर येथे नोकरीस आहेत, तेव्हा राहण्याजेवण्याचा खर्च वाचला. (या शहराचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये बदलून श्री विजयपुरम् झाले, परंतु नकाशाच्या जुन्या पुस्तकांत शोधणाऱ्या मुलांस सोयीचे व्हावे म्हणून आम्ही जुनेच नाव योजिले आहे.) जाताना विमानाऐवजी चेन्नईहून जहाजाने गेलो. विमानास जेथे दोन-अडीच तास पुरतात तेथे जहाजास जवळजवळ तीन दिवस लागतात, व त्यांतील पहिला दिवस आमच्या कुटुंबाने आडवे पडूनच काढिला. ज्यांस समुद्र सोसत नाही त्यांनी या काटकसरीचा मोह धरू नये, एवढे सांगून हा विषय सोडितो.

बेटांचा दिवस मात्र आम्ही घरी असतानाच, दोन महिने आधी, आखिला होता. पहिला विचार वेळेचा. भूगोलाच्या तासास पेंगणाऱ्या मुलांनी हे उदाहरण अवश्य करून पाहावे. आपल्या देशाची प्रमाणवेळ ८२° ३०′ पूर्व रेखांशावरून धरितात. पोर्ट ब्लेअर सुमारे ९२° ४५′ पूर्व रेखांशावर आहे. अंतर सव्वादहा अंशांचे, व दर अंशास ४ मिनिटे, म्हणजे तेथील सूर्य घड्याळाच्या ४१ मिनिटे पुढे चालतो. डिसेंबरात पाच वाजण्याच्या सुमारास तेथे सूर्य मावळतो. मुंबईच्या सवयीने जो मनुष्य दहा वाजता न्याहारी करून बाहेर पडेल, त्याचा अर्धा दिवस गेलाच म्हणून समजावे. शिवाय पाण्याखाली पाहावयाचे ते सूर्याच्याच उजेडात, आणि सूर्य कलला की त्याचे किरण पाण्याच्या पृष्ठावरून पुष्कळसे परत फिरतात. म्हणून पाण्यातील काम सकाळी व जमिनीवरचे दुपारी, असा क्रम ठरविला.

दुसरा विचार शिक्षणाचा. पाण्याच्या पृष्ठावर पालथे तरंगून, डोळ्यांवर काचेचा मुखवटा व तोंडात नळी धरून खालील सृष्टी पाहावयाची, या प्रकारास स्नॉर्कलिंग म्हणतात. त्यास खोल बुडी मारावी लागत नाही, पाठीवर हवेची टाकी लागत नाही, व अंगात तरंगते जाकीट असल्यास फारसे पोहताही यावे लागत नाही. लागते ते एकच : नाक बंद ठेवून तोंडाने सावकाश श्वास घेण्याची सवय. हे ऐकावयास सोपे व करावयास कठीण आहे. जन्मल्यापासून जी गोष्ट आपण न शिकता करितो, तीच नव्याने शिकणे फार अवघड जाते. आम्ही दोन मुखवटे व दोन नळ्या विकत घेतल्या, मोरीत एक मोठी बादली भरून ठेविली, आणि रोज सायंकाळी प्रत्येकाने तीत तोंड घालून शंभर श्वास मोजावे असा नियम केला. आमची मुलगी इयत्ता सहावीत आहे. ती पहिल्या दिवशी चौथ्याच श्वासास ठसका लागून रडू लागली. तिसऱ्या आठवड्यात ती बादलीत तोंड घालून पाढे म्हणू लागली. आमचे चिरंजीव नववीत आहेत, व पोहण्याच्या शर्यतीत त्यांस बक्षीस मिळालेले आहे. त्यांनी ही बादलीची विद्या आपल्या योग्यतेची नाही असे ठरविले. आम्हीही आग्रह केला नाही. याचे फळ पुढे यावयाचे आहे.

नळी एवढी आखूड का, हा प्रश्न मुलीने बादलीपाशीच विचारिला होता. लांब नळी केली तर तळाशी बसूनच सर्व पाहता येणार नाही का? याचे उत्तर गणिताने द्यावे हे बरे. नळीच्या आतील पोकळीची रुंदी २ सेंटीमीटर व लांबी ४० सेंटीमीटर धरा. तिच्यात मावणारी हवा ३·१४ × १ × १ × ४०, म्हणजे सुमारे १२६ घन सेंटीमीटर झाली. स्वस्थ बसलेला मोठा मनुष्य एका श्वासात सुमारे ५०० घन सेंटीमीटर हवा घेतो, व त्यांपैकी सुमारे १५० त्याच्या स्वतःच्या घशात व श्वासनळीतच राहते, फुप्फुसाच्या कामी येत नाही. आता नळी दोन मीटर करा. तिच्यात ६२८ घन सेंटीमीटर हवा राहील. म्हणजे आपण सोडिलेला श्वास नळीच्या तोंडापर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच आपण तोच पुनः आत ओढू! स्वच्छ हवेचा एक थेंबही न मिळता मनुष्य गुदमरेल. दुसरे कारण दाबाचे. एक मीटर खोल पाण्यात छातीच्या १०० चौरस सेंटीमीटर जागेवर, म्हणजे पोस्टकार्डाहून लहान अशा तुकड्यावर, सुमारे १० किलोग्रॅम भार पडतो. वरची हवा साध्या नळीतून ओढून घेताना हा भार छातीने उचलावा लागेल, व ते तिच्याने होणार नाही. म्हणून कोणी घरच्या रबरी नळीने विहिरीत हा प्रयोग करू नये. आम्ही हे थट्टेने लिहीत नाही. मुले असे करितात.

ठरल्या दिवशी साडेपाचास उठून, पोळ्या, बटाट्याची भाजी व केळी बांधून घेऊन आम्ही बसने ॲबर्डीन धक्क्यावर गेलो. तेथून नॉर्थ बे व रॉस बेट या दोन्ही ठिकाणांस मिळून एका तिकिटाची सामाईक बोट निघते. केवळ आपल्याच कुटुंबाकरिता वेगाची बोट करणे फार महाग पडते, व त्यात दिसते ते काही अधिक नाही. सामाईक बोटीत वेळ मात्र दुसऱ्याच्या मर्जीने चालतो. खलाशाने प्रत्येकाच्या अंगात जाकीट अडकविले. आमच्या शेजारचे एक गृहस्थ ते काढून त्याजवर बसले होते. त्यांस ते घालावयास लाविल्यावर बोट सुटली.

नॉर्थ बे यास तिकिटावर व लोकांच्या तोंडी 'बेट' म्हणतात. वस्तुतः ते बेट नव्हे. दक्षिण अंदमान या मोठ्या बेटाचाच तो किनारा होय. समोरासमोरच्या शहरातून तेथे जावयास बोट लागते एवढ्यावरून त्यास बेटपण मिळाले आहे. हे स्थळ तुमच्यापैकी पुष्कळांच्या खिशात होते. वीस रुपयांच्या जुन्या तांबूस नोटेच्या मागील बाजूस माडांची राई, समुद्र व दीपगृह यांचे जे चित्र आहे, ते याच बाजूचे. सन २०१९ पासून जी हिरवट पिवळी नोट निघते तिच्यावर आपल्या वेरूळची लेणी आली.

धक्क्यावर उतरताच नाना प्रकारचे खेळ विकणारे लोक भोवती जमतात. डोक्यावर काचेचे शिरस्त्राण घालून समुद्रतळावर चालविणारे, तळाशी काच असलेल्या नावेत बसविणारे, टाकी बांधून बुडविणारे. त्यांचे धंदे आहेत व ते त्यांनी करावे. परंतु समुद्रतळावर चालण्याचे जे मोल एका माणसास पडते, त्याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत आमचे दोन्ही मुखवटे व नळ्या आल्या होत्या, व त्या अद्याप आमच्या घरी आहेत. आम्ही एकच खर्च केला. किनाऱ्यावर परवान्याने काम करणारा एक तरुण वाटाड्या व त्याची हवा भरलेली रबरी कडी दोन फेऱ्यांकरिता ठरविली. या खर्चात काटकसर करू नये. प्रवाह कोठे आहे, ओहोटीस कोणता खडक वर येतो, दोरीने आखलेल्या जागेपलीकडे का जावयाचे नाही, हे पुस्तकात नसते. ते त्या माणसाच्या डोक्यात असते. त्याने भरती चढू लागेपर्यंत आम्हांस अर्धा तास किनाऱ्यावर बसविले. पाणी चढले म्हणजे माणसाचे पोट व प्रवाळ यांच्यामध्ये अंतर राहते, असे त्याने हिंदीत समजावून सांगितले.

तेवढ्यात त्याने मुखवट्याच्या काचेस आतून थुंकी चोळून ती खळबळावयास लाविली. मुलांस हसू आले. परंतु याचे कारण तुम्ही रोज पाहता. थंड पाण्याच्या तांब्यास बाहेरून घाम येतो, तोच प्रकार येथे. चेहऱ्याजवळील उष्ण दमट हवा थंड काचेस लागून तिचे बारीक थेंब होतात. थुंकीच्या पातळ लेपामुळे ते थेंब वेगळाले न राहता पसरतात, व काच स्वच्छ राहते.

पहिल्या फेरीस मुलगी व आम्ही गेलो. पाण्यात तोंड घातल्याबरोबर जो पहिला विचार मनात आला तो असा, की इतका वेळ आपण या गोष्टीच्या छपरावर उभे होतो! वरून नुसते हिरवे पाणी दिसत होते. खाली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे चपटे मासे जोडीजोडीने फिरत होते, व निळ्या-हिरव्या पोपटमाशांची टोळी चोचीसारख्या दातांनी खडक कुरतडीत होती. तो आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो, दाताखाली खडीसाखर फुटावी तसा. हा मासा खडकावरील शेवाळे खातो, त्याबरोबर चुन्याचे कण गिळतो, व ते दळून मागे टाकितो. आपण ज्या पांढऱ्या वाळूवर बसून पोळ्या खाणार होतो, तिचा काही भाग या गिरणीतून आलेला होता. मुलीने एका माशाकडे हात केला, तो तिच्या बोटांपासून वीतभर दूरच होता. पाण्यातून काचेत, काचेतून हवेत येताना किरण वाकतात, व वस्तू आहे त्याच्या पाऊण अंतरावर व त्या मानाने मोठी भासते. चार हातांवरील मासा तीन हातांवर दिसतो.

परंतु तळ सर्वत्र असा भरलेला नव्हता. खरे सांगावयाचे तर आम्ही पाहिलेल्यापैकी निम्मा भाग करडा, मोडका, सरणाच्या जागेसारखा होता. त्याजवर शेवाळ्याची बुरशी चढलेली. त्यामधून मधूनच बदामी, जांभळट, फिकट हिरव्या रंगाची जिवंत झुडुपे व माणसाच्या मेंदूसारख्या वळ्यांचे गोळे दिसत. हा भेद काय आहे हे समजण्याकरिता थोडे शास्त्र सांगितले पाहिजे.

प्रवाळाचा प्राणी फार लहान असतो. एखाद्या पिशवीस वर तोंड असावे व तोंडाभोवती बारीक बोटे असावी, तसा. जेलीफिश त्याचे दूरचे आप्त. समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन तो आपल्या बुडाखाली पेला बांधितो; असे सहस्रावधी पेले एकास एक लागून फांदी होते. आता यातील नवल असे, की त्या प्राण्याच्या मांसातच अतिसूक्ष्म शैवाल राहते. प्राणी त्यास आसरा देतो, व ते सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा घरधन्यास देते. प्रवाळाचा जो रंग आपण पाहतो तो पुष्कळ अंशी या भाडेकऱ्याचा. म्हणूनच प्रवाळखडक स्वच्छ, उबदार व उथळ पाण्यातच वाढतात. जेथे ऊन पोहोचत नाही तेथे या संसारास अन्न नाही. आपल्या कोकणच्या समुद्रात पावसाळ्यात नद्यांचा गाळ येऊन पाणी गढूळते, त्यामुळे असे मोठे खडक तेथे वाढत नाहीत. तरीही मालवणास सिंधुदुर्गाच्या आसपास प्रवाळाचे लहान लहान पुंजके आहेत, व तो सागरी भाग सन १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून राखिलेला आहे. अंदमानास जावयास न मिळाले तरी ते पाहावे.

समुद्र उन्हाळ्यात नेहमी तापतो त्याहून केवळ एखादा अंश अधिक तापला व कित्येक आठवडे तसाच राहिला, म्हणजे या घरात कलह होतो. प्राणी आपल्या शैवालास बाहेर घालवितो, रंग जातो, व आतील पांढरा चुना उघडा दिसू लागतो. पाणी लवकर निवले तर शैवाल परत येते. न निवले तर घरधनी उपाशी मरतो. अंदमानात १९९८ व २०१० या वर्षांच्या उन्हाळ्यांत असे फार मोठ्या प्रमाणावर झाले. त्याच्या मध्ये २६ डिसेंबर २००४ चा भूकंप व त्सुनामी. त्या वेळी उत्तर अंदमानाचे किनारे वर उचलले गेले व तेथील प्रवाळ पाण्याबाहेर पडून उन्हात मेले. दक्षिणेस ग्रेट निकोबारचे टोक खाली गेले. पोर्ट ब्लेअरची जमीनही सुमारे एक मीटर खचली. इतके सोसून जी झुडुपे उरली, किंवा नव्याने उगवली, त्यांस आता पर्यटकाचा पाय सोसावयाचा आहे.

आणि येथे आम्हांस आमच्याच घराची गोष्ट सांगावी लागते. दुसऱ्या फेरीस चिरंजीव गेले. कडीस हात लावावयाचा नाही असे त्यांनी आधीच जाहीर केले होते. थोड्या वेळाने त्यांस समुद्रफुलाच्या बोटांत लपणारा नारिंगी पट्ट्यांचा मासा दिसला. तो मासा बाहेर येऊन या अगडबंब पाहुण्याच्या अंगावर धावला, व चिरंजीवांस हसू फुटले. हसताना गालास वळ्या पडतात, व वळी पडली की मुखवट्याची कड सुटते. पाणी आत शिरले. बादलीपुढे बसलेल्या मुलाने अशा वेळी डोके वर करून मुखवटा हलकेच उचलून पाणी सांडले असते. याने नाकाने श्वास घेतला. मग जे होते ते झाले. पोहणारा असूनही तो धडपडला, हातपाय झाडू लागला, व खाली काय आहे ते न पाहता ताठ उभा राहिला. वाटाड्याने क्षणात कडी त्याच्या काखेखाली सारिली. आम्ही तीस पावलांवर कमरेइतक्या पाण्यात उभे होतो, व आमच्याने त्या अवधीत तीन पावलेही टाकवली नाहीत. तेवढा वेळ किती होता हे आम्हांस सांगता येणार नाही; त्याच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे ती एक मोठा श्वास घेऊन सोडीपर्यंतचा होता.

मुलगा खोकत बाहेर आला. पोटरीस व तळव्यास खरचटून रक्त येत होते. प्रवाळाच्या जखमेत चुन्याचे कण राहून ती चिघळते, म्हणून वाटाड्याने ती गोड्या पाण्याने पुनःपुनः धुवून कण काढिले व औषध लाविले. तो रागावला नाही. फक्त परत पाण्यात जाऊन, मुलाच्या पायाखाली मोडलेला बोटभर तुकडा घेऊन आला व आम्हां दोघांच्या मध्ये हात धरून उभा राहिला. तो तुकडा बदामी रंगाचा होता व त्यावर बुळबुळीत ओलसर आवरण होते. मोडीच्या ठिकाणी मात्र तो शुभ्र पांढरा होता, हुबेहूब आमच्या कपाटातल्या फांदीसारखा. झाडासारख्या फांद्यांचे प्रवाळ वर्षास काही सेंटीमीटर वाढते. गोळ्यासारखे असेल तर बहुधा सेंटीमीटरहूनही कमी.

आता कबुली देतो. मुलगा सुखरूप आहे हे पाहून झाल्यावर आमच्या मनात पहिला विचार आला तो हा, की मोडलाच आहे तर शाळेकरिता न्यावा. आमचा हातही पुढे झाला. वाटाड्याने मान हलविली. पुढे त्याने सांगितले ते कायद्याचे होते. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत प्रवाळ सन २००१ मध्ये घातले गेले. जिवंत असो वा मेलेले, ते उचलून नेणे गुन्हा आहे, व परतीच्या वाटेवर सामान तपासितात. परंतु कायदा सांगण्यापूर्वीच त्याने मान हलविली होती. मग त्याने तो तुकडा परत पाण्यात नेला व दोन खडकांच्या फटीत घट्ट बसविला. फांदीच्या जातीचा तुकडा असा स्थिर बसला तर कधी कधी जगतो व वाढतो. चिरंजीवांनी मुखवटा मागून घेतला, कडी दोन्ही हातांनी धरिली, व तो कोठे बसविला ते जाऊन पाहून आले.

दुपारी बोट रॉस बेटास लागली. याचे नाव डिसेंबर २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे आहे. हे खरेखुरे बेट, व फार लहान; तासाभरात पायी फिरून होते. इंग्रजांच्या अमलात सन १८५८ नंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ अंदमानाचा सारा कारभार या एवढ्याशा तुकड्यावरून चाले. मुख्य आयुक्तांचा वाडा, प्रार्थनामंदिर, बेकरी, दवाखाना, बाजार, टेनिसचे मैदान, खारे पाणी गोडे करण्याचे यंत्र, सर्व येथे होते, आणि ते बांधणारे हात समोरच्या वसाहतीतील बंदिवानांचे होते. जून १९४१ मध्ये मोठा भूकंप झाला, मार्च १९४२ मध्ये जपानी सैन्य उतरले, व त्यानंतर ही राजधानी पुनः भरली नाही. आज भिंती उभ्या आहेत त्या वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांनी मुळ्यांच्या विळख्यात धरिल्यामुळे. छप्पर कोठेच उरले नाही. प्रार्थनामंदिराच्या भिंतींमध्ये उभे राहून वर पाहिले तेव्हा आकाश व पाने दिसली, व दारातून एक चितळ आत येऊन आमच्या पिशवीचा वास घेऊ लागले. हे चितळही येथले नव्हेत. साहेबांनी आणून सोडिलेले. पोळ्या आम्ही तेथेच एका पायरीवर संपविल्या. मुले त्या दिवशी विशेष बोलत नव्हती.

परत धक्क्यावर आलो तेव्हा तीन वाजून गेले होते, व मुलीने हिशेब काढिला की बाबांनी तीन बेटे कबूल केली होती, त्यांपैकी एक तर बेटच नव्हते, म्हणजे झाले फक्त एक. तिचे म्हणणे खोडण्यासारखे नव्हते. तेव्हा शहराच्या साध्या बसने आम्ही चॅथम येथे गेलो. या बेटास मुख्य भूमीशी जोडणारा लहानसा पूल आहे. बस त्यावरून केव्हा गेली हे बसमधील कोणास कळलेही नसेल. येथे सन १८८३ मध्ये सुरू झालेली लाकूड कापण्याची सरकारी गिरणी आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा तिचे दार बंद झाले होते. परंतु या बेटाचा मान मोठा आहे. आर्चिबाल्ड ब्लेअर याने सन १७८९ मध्ये अंदमानातील पहिली इंग्रज वसाहत येथेच केली, व १० मार्च १८५८ रोजी दोनशे बंदिवानांस घेऊन डॉक्टर वॉकर आला तोही येथेच उतरला. गोडे पाणी पुरेना म्हणून कारभार रॉस बेटावर गेला. ज्या बेटास आज बेट म्हणून कोणी तिकीट काढीत नाही ते पहिले, आणि ज्यास काढितात ते बेट नव्हे! मुलीने ही गोष्ट वहीत लिहून घेतली. धक्क्यावर बसून पाहता पाहता पाच वाजता सूर्य गेला.

पालकांकरिता थोडे. दरांचे आकडे वर्षास बदलतात म्हणून देत नाही. सर्वांत मोठी बाब सामाईक बोटीच्या तिकिटांची, दुसरी वाटाड्याची. अन्न घरचे, बस साधी. पाण्यात उतरताना लांब बाह्यांचा सुती-रेशमी नव्हे तर अंगास बसणारा, लवकर सुकणारा सदरा घालावा. पालथे तरंगताना पाठ व मान फार भाजते. शिवाय उन्हाकरिता अंगास फासण्याच्या काही मलमांतील द्रव्ये प्रवाळास बाधक ठरली आहेत, ती कमी लागतात. आणि मूल कितीही पोहणारे असो, त्यास जाकिटाविना व जोडीदाराविना जाऊ देऊ नये. आम्ही जाऊ दिले नाही, फक्त शिकविले नाही, आणि तेवढेही पुरेसे झाले.

कपाटातील चिठ्ठी आम्ही जानेवारीत बदलिली. नवी चिठ्ठी चिरंजीवांच्या अक्षरात आहे. शेजारी दोन्ही मुखवटे व नळ्या ठेविल्या आहेत. ज्या मुलांस श्वासाचा अभ्यास करून पाहावयाचा असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेच्या ओट्यावर यावे. नळी प्रत्येक वेळी धुवून मिळेल. बादली ज्याची त्याने आणावी.